मदत मागायचा सराव

जून २०१७ मधल्या एका शनिवारी सकाळी, इंग्लंडमधल्या हंगरफर्ड गावाच्या वर तीन हजार फुटांवर, मी रेडिओचं बटण दाबलं आणि माझ्या विमानाचं इंजिन अडखळतंय, मला मदत हवी आहे, असं सांगितलं. इंजिनाला काहीही झालेलं नव्हतं. हे मला माहीत होतं, शेजारी बसलेल्या माझ्या प्रशिक्षकांना माहीत होतं आणि पलीकडून ऐकणाऱ्या माणसालाही माहीत होतं. तरी बोलताना माझा आवाज कापत होता. त्या चार-पाच मिनिटांबद्दल, आणि तिथवर पोचायला मला जे दिवस लागले त्यांच्याबद्दल लिहायचं आहे.

मी मूळची साताऱ्याची. नोकरीच्या निमित्ताने रेडिंगला येऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. चाळिशी ओलांडली, मुलगा मोठा झाला, आणि लहानपणापासून मनात असलेलं विमान शिकायचं एकदाचं ठरवलं. रेडिंगपासून जवळच व्हाइट वॉल्थम नावाचं छोटं विमानतळ आहे. धावपट्ट्या गवताच्या. पावसाळी हवा असली की चाकं चिखलात रुततात आणि त्या दिवशीचा धडा रद्द होतो. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांतून नवी विमानं हवाई दलाच्या तळांवर पोचवणाऱ्या ‘एटीए’ या संस्थेचं मुख्य ठाणं इथेच होतं. तिच्यात बायकाही होत्या, आणि त्या स्पिटफायर ही लढाऊ विमानंसुद्धा उडवत. ही मंडळी रेडिओशिवाय उडायची. खाली जमीन दिसली तर रस्ता सापडायचा, ढग आले तर आपलं आपण निभवायचं. एमी जॉन्सन ही इंग्लंडहून ऑस्ट्रेलियापर्यंत एकटीने उडून गेलेली वैमानिक. तीही एटीएमध्ये होती. जानेवारी १९४१ मध्ये खराब हवेत ती वाट चुकली आणि थेम्स नदीच्या मुखाशी, समुद्रात तिचा अंत झाला. तिला जायचं होतं ऑक्सफर्डजवळ. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा माझ्या मनात एकच गोष्ट आली : तिला कुणाला विचारायची सोयच नव्हती.

आम्हाला ती सोय आहे. तिचं नाव १२१.५ मेगाहर्ट्झ.

जगभर विमानांसाठी संकटकाळाची ही एकच फ्रिक्वेन्सी ठरलेली आहे. मुंबईवर असा, नैरोबीवर असा की हंगरफर्डवर, आकडा तोच. मोठी प्रवासी विमानं प्रवासभर दुसऱ्या रेडिओवर ती ऐकत असतात. ब्रिटनमध्ये मात्र तिच्यावर एक खास माणूस बसलेला असतो, दिवसाचे चोवीस तास. हॅम्पशरमधल्या स्वॉनिक इथल्या हवाई नियंत्रण केंद्रात रॉयल एअर फोर्सचा एक छोटा कक्ष आहे, ‘डिस्ट्रेस अँड डायव्हर्जन’. सगळे त्याला डी अँड डी म्हणतात. रेडिओवर त्याचं नाव ‘लंडन सेंटर’. वाट चुकलेल्या, इंजिन बंद पडलेल्या, ढगात अडकलेल्या वैमानिकाशी बोलणं हे त्यांचं काम. आणि या कक्षाची एक गोष्ट मला अजूनही फार मोठी वाटते : तुमच्यावर संकट आलेलं नसतानाही ते तुमच्याशी बोलतात. तुम्ही फक्त आधी सांगायचं की हा सराव आहे. ‘प्रॅक्टिस पॅन’ म्हणायचं.

‘पॅन’ म्हणजे काय, हे थोडं सांगते. संकटाच्या हाकेचे दोन दर्जे आहेत. जीव धोक्यात आहे, तत्काळ मदत हवी, तर ‘मेडे’. अडचण गंभीर आहे पण या क्षणी जिवावर बेतलेलं नाही, तर ‘पॅन पॅन’. दोन्ही शब्द फ्रेंचवरून आलेले. लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावर १९२० च्या दशकात फ्रेडरिक मॉकफर्ड नावाचे रेडिओ अधिकारी होते. क्रॉयडनची बरीचशी विमानं पॅरिसच्या ल बुर्जे विमानतळावर ये-जा करायची. इंग्रज आणि फ्रेंच दोघांच्याही कानाला चटकन कळेल असा शब्द त्यांनी शोधला : फ्रेंचमध्ये ‘मेदे’, म्हणजे ‘मला मदत करा’. १९२७ साली वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत तो अधिकृत झाला. ‘पॅन’ आला ‘पान’वरून, म्हणजे बिघाड. सराव करायला परवानगी आहे ती फक्त ‘पॅन’ची. ‘मेडे’चा सराव या फ्रिक्वेन्सीवर करायचा नाही, असा नियमच आहे. मला तो अगदी पटतो. काही शब्द देवघरातल्या शंखासारखे असतात, ते खेळायला काढत नाहीत.

माझ्या प्रशिक्षकांनी पहिल्यांदा हा विषय काढला तेव्हा माझे वीसेक तास उडून झाले होते. परवान्यासाठी किमान ४५ तास लागतात. ते म्हणाले, “पुढच्या आठवड्यात एक प्रॅक्टिस पॅन करून टाकू.” मी हो म्हटलं आणि घरी येताना गाडीत विचार करत बसले की हे टाळता कसं येईल. सक्तीचं नव्हतंच ते. रेडिओ परवान्याची परीक्षा जमिनीवर होते, एका खोलीत परीक्षक आणि दुसऱ्या खोलीत तुम्ही, कानाला हेडसेट लावून. मेडे आणि पॅन दोन्ही तिथे म्हणून दाखवावे लागतात आणि ते मला पाठ होते. माझा भाचा बारामतीला वैमानिक व्हायला शिकत होता. त्याच्याही रेडिओच्या परीक्षेत मेडे होताच. आम्ही दोघं फोनवर एकमेकांना प्रश्न घालायचो. तो म्हणायचा, “मावशी, तुझं इंजिन पेटलंय, बोल.” आणि मी घडाघडा बोलायची.

पण खोलीत बोलणं वेगळं. इथे खऱ्या फ्रिक्वेन्सीवर, खऱ्या माणसाला, त्याचं खरं काम चालू असताना, काही झालेलं नसताना हाक मारायची होती. आणि ती हाक वर पस्तीस हजार फुटांवरून चाललेल्या विमानांतले कितीतरी वैमानिक ऐकणार होते. लांडगा आला रे आला ही गोष्ट मला शाळेत असताना बाईंनी शिकवली आहे. माझं सगळं वळण या गोष्टीच्या विरुद्ध होतं. आमच्या घरात ‘उगाच कुणाला त्रास नको’ हे वाक्य दिवसातून दहादा कानावर पडायचं. शेजारून वाटीभर साखर आणायची तर आई आधी दोनदा डबा खरवडून बघायची.

त्या वाक्याची किंमत आम्ही दोन वर्षांपूर्वी मोजली होती. आई साताऱ्यात माची पेठेत एकटी राहते. २०१५ च्या हिवाळ्यात एका रात्री दोनच्या सुमाराला तिच्या छातीत कळ आली. डावा हात जड झाला. तिने उशाशी असलेलं पाणी घेतलं, खाटेवर भिंतीला टेकून बसली आणि उजाडायची वाट बघितली. भिंतीच्या पलीकडे माणसं झोपली होती. फोन हाताशी होता. सहाला दूधवाला आला तेव्हा दार उघडून त्याला म्हणाली, “जरा शेजारी सांगतोस का, मला बरं वाटत नाहीये.” दोन स्टेंट घातले, आई वाचली. पण हृदयाच्या एका भागाचं जे नुकसान त्या चार तासांत व्हायचं ते होऊन गेलं. मी पुढच्याच विमानाने गेले. दवाखान्यात तिच्या पायाशी बसून विचारलं, का नाही हाक मारलीस? ती म्हणाली, “अगं, रात्री दोनला कुणाचं दार वाजवायचं? त्यांच्या मुलाची परीक्षा होती.”

मी तिच्यावर रागावले होते. आणि आता बघत होते, की मीही तिचीच लेक आहे.

प्रशिक्षकांना मी एवढंच म्हटलं, की मला संकोच वाटतो. ते जुने वैमानिक, प्रवासी विमानांवर आयुष्य काढलेले. हसले नाहीत. त्यांनी मला अव्हिआंका ५२ ची गोष्ट सांगितली. २५ जानेवारी १९९० ची रात्र. कोलंबियाहून न्यूयॉर्कला निघालेलं बोइंग ७०७. न्यूयॉर्कला हवा खराब, म्हणून विमानाला वाटेत तीनदा घिरट्या घालायला लावल्या, सगळ्या मिळून सव्वा तासाच्या वर. इंधन संपत आलं. सहवैमानिकाने नियंत्रकांना सांगितलंही. ‘प्रायॉरिटी’ हवी असं सांगितलं, इंधन संपतंय असं सांगितलं. उतरायचा पहिला प्रयत्न फसला तेव्हा कॅप्टनने त्याला सांगितलं, आणीबाणी आहे असं कळव. त्याने दिशेचा आकडा परत म्हणून दाखवला आणि त्यालाच जोडून, जाता जाता सांगावं तसं, इंधन संपत असल्याचं म्हटलं. ‘मेडे’ हा शब्द आला नाही. ‘इमर्जन्सी’ हाही नाही. त्या रात्री सगळ्याच विमानांचं इंधन कमी होत होतं. हे विमान वेगळं आहे, हे ऐकणाऱ्याला कळलंच नाही. चारही इंजिनं बंद पडली आणि विमान लाँग आयलंडवर कोसळलं. १५८ माणसांपैकी ७३ गेली.

“इंग्रजी त्याला येत होतं,” प्रशिक्षक म्हणाले. “तो शब्द त्याच्या तोंडातून निघाला नाही. शब्द माहीत असणं वेगळं आणि तोंडातून निघणं वेगळं. म्हणून एकदा काढून ठेवायचा.”

मग आम्ही क्लबच्या मागच्या खोलीत बसून संदेशाचा क्रम पक्का केला. मी तो मराठीत लिहून घेतला, कारण घाबरल्यावर डोकं मराठीतच चालतं. कुणाला सांगतोय. कोण सांगतंय. विमान कसलं. काय झालंय. मी काय करणार आहे. कुठे आहे, किती उंचीवर, तोंड कुठे. चालवणारा किती शिकलेला. आत माणसं किती. ही चिठ्ठी मी मांडीला बांधायच्या पाटीवर चिकटवली.

यातल्या ‘चालवणारा किती शिकलेला’ या ओळीवर मी अडले होते. संकटात असताना आपण शिकाऊ आहोत हे जगाला कशाला सांगायचं, असं वाटायचं. पण ब्रिटनमध्ये एकटा उडणारा विद्यार्थी आपल्या विमानाच्या नावाआधी ‘स्टुडंट’ हा शब्द लावतो, नेहमीच्या बोलण्यातसुद्धा. त्याचा उपयोग ऐकणाऱ्याला होतो. विद्यार्थी आहे म्हणजे याला ढगातून पाठवायचं नाही. याच्याशी सावकाश बोलायचं, एका वेळी एकच गोष्ट सांगायची. आपली कमतरता आधीच सांगितली की समोरचा तिच्या मापाची मदत काढून ठेवतो. डॉक्टरला आपण मधुमेह असल्याचं सांगतो तसंच हे.

पहिल्या प्रयत्नाच्या दिवशी आम्ही वॉरियर घेऊन पश्चिमेला निघालो. हे चार माणसांचं, खाली पंख असलेलं छोटं विमान. रेडिंग मागे टाकलं, एम फोर महामार्ग उजवीकडे धरला. न्यूबरीच्या पुढे गेल्यावर फार्नबरोच्या रडार कंट्रोलरला सांगून दुसऱ्या रेडिओवर १२१.५ लावलं. पहिला नियम : आधी ऐकायचं. खरं संकट चालू असेल, किंवा दुसऱ्या कुणाचा सराव चालू असेल, तर मध्ये तोंड घालायचं नाही.

ऐकू लागले आणि अंगावर काटा आला. एक शांत बाईचा आवाज, मधे मोठे विराम. आम्ही खाली होतो आणि दुसरं विमान लांब असावं, कारण त्याचं बोलणं आमच्यापर्यंत पोचत नव्हतं. फक्त लंडन सेंटर ऐकू येत होतं. शेजारच्या खोलीत कुणी फोनवर बोलत असावं आणि आपल्याला एकच बाजू कळावी, तसं.

“तुमचं ऐकलं. विमानात माणसं किती?”

शांतता.

“ऐकलं, दोन. मैदान तुमच्या नाकासमोर आहे, चार मैल. दिसलं की सांगा.”

शांतता. ही जरा लांबली. मी प्रशिक्षकांकडे बघितलं. त्यांनी एक बोट वर केलं, थांब म्हणून.

“ठीक. डावीकडे दहा अंश वळा. आता तीन मैल. यापुढे उत्तर द्यायची गरज नाही.”

हे शेवटचं वाक्य मी कधी विसरणार नाही. उत्तर द्यायची गरज नाही. तू विमान चालव, बोलायचं काम माझं. त्या आवाजात घाई नव्हती, दया नव्हती, उगाच धीर देणंही नव्हतं. फक्त ती तिथे होती. तीन मैल, अडीच मैल, धावपट्टीची दिशा, वारा कुठून. मग तिने मैदानाचं नाव घेऊन सांगितलं की त्यांना कळवलं आहे, वाट मोकळी आहे. मग पुन्हा शांतता. आणि थोड्या वेळाने, त्याच आवाजात, “थँक यू. ऐकून बरं वाटलं.” यावरून आम्ही समजलो, की ते सुखरूप उतरले.

कोण होते, काय झालं होतं, काही कळलं नाही. आम्ही त्या दिवशी सराव केला नाही. प्रशिक्षक म्हणाले, “तिला श्वास घेऊ दे.” परत येताना मी काही बोलले नाही. कॉकपिटमध्ये एरवी मी खूप प्रश्न विचारते. त्या दिवशी माझ्या डोक्यात माची पेठेतली ती रात्र होती. भिंतीच्या पलीकडे कुणीतरी जागं असतं, आणि तेच त्याचं काम असतं, तर आई बोलली असती का? मला वाटतं, तरीही नसती बोलली. तिला कुणी सरावच दिला नव्हता.

दोन आठवड्यांनी तो शनिवार आला. हवा स्वच्छ, पश्चिमेला थोडे पांढरे ढग. हंगरफर्डवर आम्ही १२१.५ लावलं. मिनिटभर ऐकलं. एका प्रवासी विमानाला दुसरं कुणीतरी हाका मारत होतं. फ्रिक्वेन्सी बदलताना चूक झाली की विमान नियंत्रकांच्या हातून निसटतं, आणि मग त्याला शोधायला १२१.५ वरच हाक मारतात. उत्तर न देणाऱ्या प्रवासी विमानाकडे कधीकधी लढाऊ विमानं पाठवावी लागतात, म्हणून ही हाकसुद्धा साधी नसते. त्याने उत्तर दिलं. मग फ्रिक्वेन्सी शांत झाली. प्रशिक्षकांनी मान हलवली.

अंगठा बटणावर होता. दाबला जाईना. बटण म्हणजे सुकाणूच्या डाव्या शिंगावरचा छोटा काळा ठिपका, वापरून वापरून गुळगुळीत झालेला. मी श्वास घेतला आणि दाबलं.

“प्रॅक्टिस पॅन, प्रॅक्टिस पॅन, प्रॅक्टिस पॅन,” आणि पुढे आमच्या विमानाचं नाव.

दोन सेकंदही गेले नसतील. “लंडन सेंटर. प्रॅक्टिस पॅन मान्य. संदेश सांगा.” पुरुषाचा आवाज होता, तरुण.

मी चिठ्ठीकडे बघत सुरुवात केली. वॉरियर. आणि मग काय झालंय ते सांगताना माझ्या तोंडून निघालं, “इंजिन जरासं अडखळतंय, असं मला वाटतं.” हे चिठ्ठीवर नव्हतं. चिठ्ठीवर ‘इंजिन अडखळतंय’ एवढंच होतं. ‘जरासं’ आणि ‘असं मला वाटतं’ हे दोन्ही शब्द माझ्या घरचे होते. पुढे मी उंची सांगितली, दिशा सांगितली, दोन माणसं सांगितली. काय करणार आहे ते सांगायचं राहिलं, आणि वैमानिक विद्यार्थी आहे हेही राहिलं. शेवटी मी “सॉरी” म्हणाले. कशाबद्दल, ते आजही सांगता येणार नाही.

पलीकडच्या माणसाने माझे सगळे ‘जरासं’ बाजूला केले. “उंची टिकवता येतेय का?”

माझ्या प्रशिक्षकांनी तेवढ्यात थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा, मागे ओढून ठेवला होता, म्हणजे प्रश्नाचं उत्तर मला आकड्यांकडे बघूनच द्यावं लागलं. विमान सावकाश खाली येत होतं. “नाही,” मी म्हटलं. एकच शब्द. आणि तो म्हणताना आतून काहीतरी सुटलं.

“समजलं. तुमचा काय विचार आहे?”

“जवळच्या विमानतळावर उतरायचं आहे. वाट दाखवा. वैमानिक विद्यार्थी आहे.”

“थ्रक्स्टन तुम्हाला सर्वांत जवळ पडेल. दिशा एकशे पंच्याण्णव, अंतर बारा मैल. तुम्ही आत्ता हंगरफर्डवर आहात.”

मी कुठे आहे, हे त्याला कसं कळलं, ते नंतर समजून घेतलं. आपण बटण दाबून बोललो, की देशभर विखुरलेली त्यांची केंद्रं आपला आवाज कोणत्या दिशेने आला ते टिपतात. प्रत्येक केंद्रातून नकाशावर एक रेघ निघते, आणि रेघा जिथे छेदतात तिथे आपण. आवाज पुरतो. विमान रडारवर दिसो न दिसो, रडारला आपली ओळख कळवणारा ट्रान्सपॉन्डर विमानात असो नसो. अट एवढीच की तुम्ही तोंड उघडलं पाहिजे, आणि थोडी उंची हवी, कारण टेकडीमागून ही रेघ निघत नाही. म्हणून आम्ही तीन हजार फुटांवर गेलो होतो. शाळेत भूमितीच्या वहीत कंपास आणि पट्टी घेऊन काढायचो ना, तेच.

मी एकशे पंच्याण्णववर वळले. त्याने थ्रक्स्टनची धावपट्टी सांगितली, वारा सांगितला, वाटेत जर इंजिन पुरतं बंद पडलं तर काय निवडणार असं विचारलं. मी खाली बघितलं. कापणीला आलेलं एक मोठं, सपाट शेत निवडलं आणि तसं सांगितलं. त्या क्षणी मी घाबरलेली नव्हते. काम करत होते. आठ मैल उरले असताना प्रशिक्षकांनी खूण केली, मी सराव संपल्याचं कळवलं आणि आभार मानले. तो म्हणाला, “चांगलं झालं. पुढच्या वेळी ‘सॉरी’ नको. केव्हाही बोलवा.”

केव्हाही बोलवा. परक्या देशात बारा वर्षं काढलेल्या माणसाला हे दोन शब्द काय देतात, ते लिहून सांगता येणार नाही.

या सरावाबद्दल तक्रार करणारेही आहेत. प्रवासी विमानांचे काही वैमानिक म्हणतात, की आमच्या कानात सारखी ही बडबड कशाला. संकटाची फ्रिक्वेन्सी मोकळीच असायला हवी. मी त्यांची बाजू समजू शकते. रात्रभर उडून सकाळी लंडनकडे येणाऱ्या थकलेल्या माणसाच्या कानात माझी थरथरती कहाणी पडणं काही सुखाचं नाही. पण डी अँड डीचे लोक स्वतःच हा सराव करा म्हणून सांगतात. त्यांचाही त्यात हात बसतो. रोज कुणी हाक मारली नाही, तर ऐकणाऱ्याचाही कान बोथट होईल. आणि ‘प्रॅक्टिस’ हा शब्द प्रत्येक वेळी पुढे लावलेला असतो, तीनदा. कुणाचीही फसवणूक होत नाही. लांडग्याच्या गोष्टीतल्या पोराने ‘सराव आहे’ असं एकदाही सांगितलं नव्हतं. हा फरक मला फार उशिरा कळला.

ऑगस्टमध्ये मी एकटी त्याच बाजूला गेले. लांबच्या एकट्या प्रवासाची तयारी चालू होती. त्यात १५० सागरी मैल आणि वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरणं असतं. उन्हाळ्यातलं धुरकट होतं, लांबचं दिसत नव्हतं. एका महामार्गावर होते, पण नेमकी कुठे, याची खात्री सकाळी होती तेवढी उरली नव्हती. हरवले नव्हते. नकाशावर बोट ठेवता येत होतं, पण ते बोट दोन इंच इकडे-तिकडे सरकत होतं. असल्या वेळेसाठी आणखी एक साधा प्रकार आहे. संकट नाही, पण आपण कुठे आहोत ते पडताळून घ्यायचं आहे, तर ‘ट्रेनिंग फिक्स’ म्हणायचं.

मी मिनिटभर ऐकलं. फ्रिक्वेन्सी शांत होती. बटण दाबायला या वेळी वेळ लागला नाही.

“ट्रेनिंग फिक्स, ट्रेनिंग फिक्स, ट्रेनिंग फिक्स,” आणि ‘स्टुडंट’ लावून माझ्या विमानाचं नाव.

“स्टुडंट,” आणि माझ्या विमानाचं नाव, “लंडन सेंटर. तुम्ही मेंबरीच्या पूर्वेला एक मैल आहात.”

पंखाच्या पुढे बघितलं. धुरकटातून उंच मनोरा वर आलेला होता आणि त्याच्या पायाशी, महामार्गाला लागून, युद्धकाळातल्या जुन्या धावपट्टीच्या फिकट रेघा. मी आभार मानले, नकाशावर पेन्सिलने फुली मारली आणि वेळ लिहिली.

त्या संध्याकाळी आईला फोन केला. तिला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. तिने फक्त एकच विचारलं, “म्हणजे काही झालेलं नसताना तुम्ही त्यांना बोलावता, आणि ते रागावत नाहीत?”

“नाही गं. उलट बोलवा म्हणतात.”

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग मी म्हटलं, “आई, आपणही करू या. १०८ ला लावायचा नाही, मलाच सांग. मी १०८ आहे. रात्रीचे दोन वाजलेत. बोल.”

“काहीतरीच काय.”

“बोल ना.”

तिने घसा साफ केला. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक मला इकडे ऐकू येत होती. “अं... हॅलो. मी माची पेठेतून बोलतेय. काही विशेष नाही, पण जरा...”

“‘काही विशेष नाही’ काढून टाक,” मी म्हटलं. “‘जरा’ पण काढ. परत म्हण.”

“हॅलो,” आई म्हणाली. “मी माची पेठेतून बोलतेय. माझं वय सत्तर आहे. माझ्या छातीत दुखतंय.”